गाडीची विचारपूस : पाऊस, घाट आणि गणपतीची गाडी

मागच्या अंकात पावसाळ्यातले प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर एवढे आले की संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, आता पुरे. त्यातले सात घेतलेत. ज्यांना "कुठली गाडी घेऊ" हे विचारायचंय त्यांनी दिवाळीपर्यंत थांबा.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गुडघ्याच्या वर पाणी शिरलं होतं. उतरल्यावर मिस्टरांनी "बघू चालू होते का" म्हणून सेल्फ मारला. एकदाच टक्क असा आवाज आला आणि गाडी गप्प. गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलावं लागेल, इन्शुरन्सवाले म्हणतात हे आमच्यात बसत नाही. एका सेल्फने एवढं काय होतं? – एक वाचक, डोंबिवली

ताई, त्या एका सेल्फनेच होतं. मिस्टरांना फार बोलू नका, मी स्वतः माझ्या पहिल्या सेकंडहँड गाडीचा रॉड असाच वाकवलाय आणि तेव्हा मला गाडीतलं सगळं कळतं असा माझा समज होता. होतं असं की पिस्टन वर येताना सिलेंडरमधली हवा दाबतो, हवा दाबली जाते म्हणून इंजिन चालतं. तिथे हवेऐवजी पाणी असेल तर पाणी काही दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि खालचा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी कधी तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. गॅरेजमध्ये याला हायड्रोलॉक म्हणतात. तुमचा तो टक्क आवाज बहुतेक तोच.

आणि लोकांना वाटतं पाणी सायलेन्सरमधून जातं. चालू इंजिनाचा सायलेन्सर धूर बाहेर ढकलत असतो, तिथून सहसा काही होत नाही, खरा दरवाजा पुढे असतो, एअर फिल्टरची हवा ओढायची नळी, बऱ्याच गाड्यांत ती ग्रिलच्या मागे नाहीतर हेडलाइटच्या बाजूला असते. म्हणून पाण्यात तुम्ही हळू चाललेले असता आणि समोरून एसटी नाहीतर ट्रक लाट उडवत जातो तेव्हा घोटाळा होतो. पाणी अर्ध्या चाकाच्या वर दिसलं की मी तरी गाडी घालत नाही, मागचे कितीही हॉर्न मारू देत. घातलीच तर पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये थांबायचं नाही. पण मध्येच बंद पडली तर सेल्फ नाही म्हणजे नाही, धक्का मारून पण नाही. उतरा आणि ढकलून बाहेर काढा.

पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर आधी पाण्याची रेषा कुठपर्यंत गेली त्याचे फोटो काढा, चावी लावू नका, जमत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इन्शुरन्सला फोन करा आणि मग चारही चाकं वर घेणाऱ्या गाडीवरून गॅरेजला न्या. मेकॅनिक डिपस्टिक काढेल, ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं की समजायचं पाणी आत गेलंय.

आता इन्शुरन्स. फुल इन्शुरन्समध्ये पुराचं नुकसान धरतात, पण कंपनीचं म्हणणं असतं की पुराने झालं ते देऊ, नंतर तुम्ही सेल्फ मारून जे वाढवलंत ते नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं, थोडे पैसे जास्त पडतात, ज्यांच्याकडे पाणी भरतं त्यांनी ते घ्यावंच, पण त्याच्याही अटी वाचून. पॉलिसीत ते आहे का बघा. नसलं तरी सीट, कार्पेट, वायरिंगचं नुकसान तरी मागा आणि नकार तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकील पण लागत नाही.

जाता जाता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मुंबईत बंद गाडीत अडकून माणसं गेलीत. दार उघडत नसेल तर वाट बघत बसायचं नाही. पुढची काच फुटत नाही, तिच्यात प्लास्टिकचा थर असतो. बाजूची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारली की तिचा भुगा होतो. दीडदोनशे रुपयांची काच फोडायची हातोडी मिळते, ती ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नको.

प्रश्न : आंबोली घाटात पाऊस लागला की काचेवर एवढी वाफ धरते की समोरचं काही दिसत नाही, एक जण फडक्याने पुसत बसतो. एसी लावावा की हीटर? – गडहिंग्लजहून

आधी बोटाने बघा वाफ आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर एसी चालू करायचा, हवेची दिशा पुढच्या काचेवर आणि ते गाडीच्या आत वळलेल्या बाणाचं बटण असतं ना, ते बंद, म्हणजे बाहेरची हवा येऊ द्यायची. एसी गारव्यासाठी नाही, हवेतलं पाणी ओढून घेतो म्हणून लावायचा. थंडी वाजली तर टेंपरेचर वाढवा पण एसी बंद करू नका, दोन्ही एकत्र चालतं, लोकांना हे माहीत नसतं. वाफ बाहेरून असेल तर उलटं, काच जास्त गार झालीय, मग गारवा कमी करा आणि एकदा वायपर मारा. फडक्याने पुसलं की तेलकट डाग राहतो आणि पुढच्या वेळी त्याच्यावरच वाफ जास्त धरते. म्हणून महिन्यातून एकदा काच आतून धुवा, सगळे बाहेरूनच धुतात.

एसीला कुबट वास येत असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून बघा, बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसतं, मी एकात अख्खं पिंपळाचं पान बघितलंय. आणि घरी पोचायच्या दोनतीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवायचा, आतली कॉइल सुकते.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगतो. पाऊस पडला की चारही इंडिकेटर लावून पळायची जी फॅशन आलीय ती बंद करा. ते उभ्या गाडीसाठी असतात. चालत्या गाडीला लावले की तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे ते मागच्याला कळतच नाही. हेडलाइट लो बीमवर ठेवा, बास.

प्रश्न : दरवर्षी गणपती पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन आणायची आमच्या घरात पद्धत आहे, सासरे घेतात. नवीन गाडीत सहा एअरबॅग आहेत, भीती वाटते. कसं सांगू? – सूनबाई, पेण

भीती बरोबर आहे. पेणचंच घर म्हटल्यावर मूर्तीचं प्रेम मी काय सांगणार. पण एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते आणि डॅशबोर्ड ते छाती यामध्ये जे काही असेल ते छातीवर आपटते. शाडूची फूटभर मूर्ती असली तरी चांगली वजनदार असते, वर पाट. शिवाय मूर्ती मांडीवर असली की बेल्ट एकतर लावत नाहीत नाहीतर मूर्तीवरून घेतात, तो बेल्ट मग नावालाच. सासऱ्यांना असं सांगा की मूर्तीलाच धोका आहे, स्वतःच्या जिवाचं म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. मागच्या सीटसमोर खाली पाय ठेवायची जागा असते ना, तिथे गोधडी घालून, चारी बाजूंनी उशा कोंबून मूर्ती बसवा, ब्रेक मारला तरी हलत नाही. सासरे शेजारी मागच्या सीटवर, हात मूर्तीला, बेल्ट लावून.

मागे बेल्ट कशाला असं म्हणाले तर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या अपघाताची आठवण करून द्या. 4 सप्टेंबर 2022, पालघरला चारोटीजवळच्या पुलावर, गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या, गेले ते दोघंही मागे बसलेले आणि बेल्ट लावलेले नव्हते. पुढचे दोघं जखमी झाले पण वाचले. आणि सीटला जाड फोमची कव्हरं घातली असतील तर काढा, बाजूच्या एअरबॅग बऱ्याच गाड्यांत सीटमधूनच बाहेर येतात, कव्हर त्यांची वाट अडवतं.

प्रश्न : घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं असं माझा मित्र म्हणतो, मी बंदच करून टाकतो. बरोबर ना? – कराड

अहो नाही! बंद तर अजिबातच नको, दोनतीनदा ब्रेक दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंग पण जातं. न्यूट्रलचं म्हणाल तर तो हिशेब कार्ब्युरेटरच्या काळातला. आताच्या गाड्या गिअरमध्ये असताना तुम्ही पाय काढलात की इंधन पूर्ण बंद करतात, उताराने चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतं, म्हणजे उलट जास्तच जातं. आणि इंजिनाचा ब्रेक गेला की सगळा भार लायनरवर, कुंभार्ली उतरताना तो जळका वास येतो तो त्याचाच. त्यानंतर ब्रेक लागेनासा होतो.

जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला. ऑटोमॅटिकवाल्यांनी एल किंवा मॅन्युअल मोडला टाका, डी वर ठेवून घाट उतरू नका. वास आलाच तर मोकळ्या जागी थांबा, चाकाला दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक खेचू नका आणि डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड वाकतं. वीस मिनिटं वडापाव खा.

प्रश्न : सोसायटीत गाडी धुणारा रोज पुसतो तरी गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. त्याला काढून टाकू का? – पुणे

त्याला काढू नका, पद्धत बदला. तो बिचारा एका बादलीत बारा गाड्या पुसतो, पाचव्या गाडीपर्यंत बादलीत पाणी कमी आणि माती जास्त असते, फडकं म्हणजे पॉलिश पेपरच. शिवाय रोज कोरडी धूळ पुसणं हेच ओरखड्यांचं मूळ. त्याला सांगा रोज नको, आठवड्यातून दोनदा, पण आधी मगाने पाणी ओतून धूळ वाहू द्यायची आणि मगच फडकं. पैसे तेवढेच द्या, नाहीतर तो कशाला ऐकेल. दोन मायक्रोफायबर फडकी तुमची स्वतःची द्या, एक वरच्या भागाला, एक चाकं आणि खालच्या पट्टीला, अदलाबदल नाही. फडकं खाली पडलं की गेलं ते चाकांच्या खात्यात.

कपड्याचा साबण, भांड्याचं लिक्विड नको, वॅक्स निघून जातं, गाडीचा शांपू बादलीला एक झाकण पुरतो. उन्हात तापलेल्या बॉनेटवर धुवू नका, पाण्याचे पांढरे ठिपके बसतात. पक्ष्यांची घाण दिसली की लगेच ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून उचलायची, घासायची नाही, उन्हात दोन दिवस राहिली की रंगावर कायमचा डाग. जांभळाखाली गाडी लावणाऱ्यांना काय सांगावं, मला कळत नाही.

डॅशबोर्डवर चकचकीत पॉलिश मारतात त्याचं पुढच्या काचेत प्रतिबिंब पडतं. स्टिअरिंगला आणि पेडलला तर ते कधीच लावू नका, पाय घसरतो. आणि बॉनेट उघडून प्रेशरचं पाणी मारायचं नाही, ओल्या फडक्याने पुसा, इंजिन चकाकलं नाही म्हणून कोणी लग्न मोडत नाही.

प्रश्न : उंदरांनी दोनदा वायरिंग खाल्लं. तंबाखू, डांबरगोळ्या, स्प्रे सगळं झालं. – रत्नागिरी

खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही. गाडीत शेंगदाण्याची टरफलं, बिस्किटाचा चुरा राहू देऊ नका, कचराकुंडीजवळ लावू नका, रात्री जागा बदलत रहा, बॉनेट उघडं ठेवता आलं तर ठेवा, त्यांना आडोसा आवडतो. बाकी मांजर पाळा. समुद्राकाठी राहता म्हणून एक, वाळूवर गाडी नेऊ नका, पण नेलीत तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी पत्र्याच्या जोडात बसलं की आतून गंज धरतो आणि तो बाहेर दिसेपर्यंत काम झालेलं असतं.

प्रश्न : माझी गाडी आठ वर्षांची, फिरली फक्त 21 हजार किलोमीटर. टायर नव्यासारखे आहेत. मुलाकडे समृद्धीने नागपूरला जायचंय. मित्र म्हणतात लांब जाताना हवा कमी ठेवा, गरम होऊन वाढते. – ज्येष्ठ वाचक, नाशिक

काका, टायर गोटा झालेला नसला तरी म्हातारा होतो. बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, शेवटचे चार आकडे बघा, 2318 म्हणजे 2018 सालच्या 23 व्या आठवड्यातला. माझा स्वतःचा नियम सहा वर्षांचा. बाजूच्या रबराला बारीक चिरा दिसल्या तर आधीच बदला. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली तर ते कायद्यातच बसत नाही, पण तुमचा प्रश्न तो नाहीये.

आणि मित्रांचं उलटं आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दबला की जास्त तापतो आणि सिमेंटच्या रस्त्यावर 120 ने तासन्‌तास पळवला की फुटतो. ड्रायव्हरच्या दारात स्टिकर असतं, त्यावर जो आकडा आहे तोच, सामान भरून जाणार असाल तर त्यातलाच भरलेल्या गाडीचा आकडा, सकाळी थंड टायरमध्ये. रस्त्यात थांबून गरम टायरची हवा काढू नका. नायट्रोजन भरला नाही तरी चालेल, साध्या हवेत 78 टक्के तोच असतो. तुम्ही चारही टायर बदलून मगच निघा, स्टेपनीचा पण आकडा बघा, ती पण आठ वर्षांचीच असणार. आणि दर दीडदोन तासांनी थांबा, सरळ रस्ता डोळ्यांवर झोप आणतो.

एका वाचकाने पत्राच्या कोपऱ्यात लिहिलंय : रात्री ढाब्यावर गाडी उभी करून एसी लावून झोपतो, काच दोन बोटं उघडी ठेवतो, चालेल ना?

नाही चालणार. सायलेन्सरला कुठे गळती असेल, नाहीतर शेजारी भिंत असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला ना वास ना रंग, झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. दोन बोटांनी काही होत नाही. इंजिन बंद करा, काचा उघड्या ठेवा. डास चावतील, ओडोमॉस लावा.