हात वर करावा, की प्रतिनिधी निवडावा?

प्रश्न : निवडणूक झाली की आमदार-खासदार पाच वर्षे आम्हाला विचारत नाहीत आणि पक्ष बदलतानाही मतदारांचे मत घेत नाहीत. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. मग महत्त्वाच्या प्रत्येक प्रश्नावर स्वित्झर्लंडप्रमाणे लोकांनीच थेट मत का देऊ नये? प्रतिनिधी हवेतच कशाला?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : आपला राग रास्त आहे, हे आधीच मान्य करते. 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. तिच्यामुळे एकट्यादुकट्या सदस्याला पक्ष सोडणे अवघड झाले, पण त्याचबरोबर पक्षाचा व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या असा आदेश, निघाला की आपल्या मतदारसंघाला काय वाटते, याला सदस्याच्या मतदानात फारशी जागा उरेनाशी झाली. प्रातिनिधिक लोकशाहीचे मूळ दुखणे मात्र याहून जुने आहे. आपण एका माणसाला एकाच दिवशी सगळ्या विषयांचे कुलमुखत्यारपत्र लिहून देतो. मत दिलेले असते पाण्यासाठी, आणि तेच मत पुढे शाळा, रस्ते, जमीन आणि दारूचे परवाने या सर्वांसाठी वापरले जाते.

तरीही थेट लोकशाही कशी चालते, हे पाहायला स्वित्झर्लंडला जाण्याची गरज नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले असून गावच्या मतदार यादीतील प्रत्येक जण तिचा सदस्य आहे. कोरेगाव तालुक्यातील एका गावच्या ग्रामसभेला मी काही वर्षांपूर्वी बसले होते. वस्तीवरच्या एका बाईंनी नळाला जेमतेम दहा मिनिटे पाणी येते, अशी तक्रार केली. सरपंचांनी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तिथेच उभे केले. तो वरच्या आळीचा व्हॉल्व्ह आधी सोडतो, असे म्हणताच वरच्या आळीची माणसे उठली, आणि बराच वेळ कलकलाट झाल्यावर दिवसाआड पाळी बदलण्याचे ठरले. ज्यांचे पाणी कमी होणार होते तेही समोर होते आणि ज्यांना ते मिळणार होते तेही समोर होते. हे काम विधानसभेला जमणार नाही, आणि जमू नये.

त्याच सभेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती मुळात तहकूब झालेली सभा होती, कारण आदल्या तारखेला गणपूर्ती झाली नव्हती. कायद्याने गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे जमली तरी सभा कायदेशीर ठरते, आणि तहकूब सभेला तर तीही अट नाही. त्या दिवशी साठ-पासष्ट माणसे असतील. दुसऱ्या दिवशी नोंदवही सह्यांसाठी घरोघर फिरली आणि जे आलेच नव्हते त्यांनीही सह्या केल्या. थेट लोकशाहीत सत्ता लोकांच्या हातात येते खरी, पण ती ज्यांना सकाळी अकरा वाजता मजुरी बुडवून बसणे परवडते त्यांच्या हातात आधी येते. म्हणूनच आपल्या कायद्याने ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद केली आहे. तिची अंमलबजावणी किती ठिकाणी मनापासून होते, हे आपण आपल्याच गावात पाहावे.

गैरहजेरीची किंमत किती मोठी असते, हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याच्या बायकांना चांगले माहीत आहे. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की महिलांचे गुप्त मतदान होते. दुकान बंद व्हावे असे वाटणारी आडव्या बाटलीवर शिक्का मारते आणि चालू राहावे असे वाटणारी उभ्या बाटलीवर. दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. समजा, यादीत 1,200 महिला आहेत, 700 मतदानाला आल्या आणि 580 जणींनी आडवी बाटली निवडली. तरीही दुकान चालूच राहते, कारण 601 मते झाली नाहीत. मुंबईला कामासाठी गेलेली, आजारी असलेली, नवऱ्याने घरात थांबवलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. अशा अटीवर बायकांनी दुकाने बंद करून दाखवली, याचा मला आजही फार अभिमान वाटतो. घरातल्या मारहाणीचा आणि उधळलेल्या पगाराचा हिशेब ज्यांच्याकडे होता त्यांनीच निर्णय घेतला, हेच थेट मतदानाचे खरे बळ आहे.

आता स्वित्झर्लंडकडे वळू. तिथे एक लाख नागरिकांनी 18 महिन्यांत सह्या केल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला जातो आणि संसदेने केलेल्या कायद्यावर 100 दिवसांत 50 हजार सह्या झाल्या की त्यावरही मतदान घ्यावे लागते. ही व्यवस्था हेवा वाटावा अशीच आहे. परंतु याच देशात स्त्रियांना मताधिकार द्यावा का, हा प्रश्न 1959 मध्ये पुरुष मतदारांसमोर गेला तेव्हा सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी नकार दिला, आणि राष्ट्रीय पातळीवर तो अधिकार मिळायला 1971 साल उजाडले. आपेन्झेल इनररोडेन या छोट्या प्रांतात तर पुरुषांनी मैदानात जमून, हात वर करून 1990 मध्येही नकारच दिला. अखेर त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. याउलट, मर्यादित मताधिकारावर निवडून आलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी आपल्या संविधान सभेचे सदस्य निवडले होते, आणि त्या सभेने प्रत्येक प्रौढ स्त्रीला व पुरुषाला, शिक्षण किंवा जमीन न पाहता, मताधिकार दिला. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम 17 त्या काळी गावोगाव हात वर करून मंजूर झाले असते, असे मला मुळीच वाटत नाही. जिथे थोड्यांचे हक्क पणाला लागतात, तिथे संख्येचा कौल मागणे धोक्याचे असते.

या दोन्ही पद्धती जोडण्याचा एक प्रयत्न आपल्याच भागात झाला होता. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने 1939 मध्ये सत्ता प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना लागू केली. आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीही त्याच संस्थानात होती. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची आणि तिथून विधिमंडळात प्रतिनिधी जायचे. ‘प्रतिनिधी’ हे पद राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झाले तेव्हा त्याचा अर्थ राजाच्या वतीने काम पाहणारा, असा होता. औंधात तोच शब्द गावाच्या वतीने बोलणाऱ्याला लागू झाला. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि प्रयोग थांबला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: वर बसलेल्या माणसाला परत जाऊन आपल्याच पारावर उत्तर द्यावे लागत होते.

मोबाइलवरच्या मतदानात नेमके हेच हरवते. व्हॉल्व्हचा प्रश्न फोनवर आला असता, तर वरच्या आळीची संख्या जास्त असल्याने ती एका मिनिटात जिंकली असती आणि वस्तीवरच्या बाईंचे म्हणणे कोणाच्या कानावरही गेले नसते. शिवाय प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, हे जो ठरवतो तो अर्धे उत्तर आधीच ठरवतो.

थेट निवडणूक म्हणजे थेट लोकशाही, असेही समजू नये. सरपंचाची निवड थेट मतदारांतून करण्याचा निर्णय महाराष्ट्रात 2017 मध्ये झाला, 2020 मध्ये रद्द झाला आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाला. तिन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला आणि तो बदलायचा की नाही, हे एकाही ग्रामसभेला विचारले गेले नाही. आपला राग तिथे न्यावा, असे मला वाटते.

प्रतिनिधी राहू द्यावेत, पण त्यांना मोकळे सोडू नये. आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेसाठी आजच ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मागील वर्षभरातील प्रत्येक ठरावाचे पुढे काय झाले, हा विषय कार्यसूचीत पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि महिला सभेचे ठराव त्याच सभेत मोठ्याने वाचून दाखवावेत, एवढेच त्यात लिहा. सभेनंतर नोंदवही घरी आली, तर जी सभा आपण पाहिली नाही तिच्या पानावर सही करू नका.