सिक्लिडच्या टाकीत तळाला कोण?

प्रश्न : माझी चार फुटी टाकी आहे. त्यात आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे एम्बुना, म्हणजे दगडांत राहणारे सिक्लिड मासे : यलो लॅब, रेड झेब्रा आणि काही डेमासोनी. खाली साचणारी घाण खायला म्हणून दुकानदाराने सहा कोरीडोरस (तळाला फिरणारे छोटे कॅटफिश) आणि एक सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) दिला. कोरींचे पंख कुरतडले गेलेत, दोन मेलेसुद्धा. सकर बोटाएवढा आणला होता, आता वीतभर झालाय. पाणी बोअरचं आहे. आते काय करू, भाऊ?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, 'घाण खायला' हे आधी डोक्यातून काढा. माशांची विष्ठा खाऊन टाकी साफ ठेवणारा मासा कुठल्याच दुकानात मिळत नाही. तळाचा मासा फार तर खाली पडलेला दाणा वेचतो आणि वर स्वतःची भर घालतो. तुमचा सकर त्यात पहिला. घाण काढायची ती पाइप लावून, आठवड्याला पाव टाकी पाणी बदलताना.

कोरी आजच वेगळे करा. ते दक्षिण अमेरिकेतले, मऊ पाण्यातले, गरीब स्वभावाचे. एम्बुनाला दगडाजवळ कुणी फिरकलेलं खपत नाही, आणि कोरी बिचारे तिथेच नाक खुपसतात.

बोअरच्या पाण्याची मात्र काळजी सोडा. तोटीवर पांढरा थर धरणारं आपलं जड पाणी या माशांना मानवतं. मलावी आणि टांगानिका दोन्ही सरोवरांचं पाणी जड, पीएच साधारण आठच्या आसपास किंवा वर. जारचं पाणी घालून ते 'सुधारायला' जाऊ नका.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती सायनोडोंटिस पेट्रिकोला हा कॅटफिश. टांगानिकातला, ठिपक्यांचा, पंखांना पांढरी कड, वाढून चार-पाच इंच. त्या नावाने बाजारात बहुतेकदा त्याचा भाऊबंद लुसिपिनिस मिळतो. चालेल, दोघांची राहणी एकच. चार-पाच एकत्र घ्या, अडीच इंचाहून लहान नको. जाळीने पकडू नका, पंखांचे काटे जाळीत अडकतात, डब्यात घ्या.

दुसरा मल्टिपंक्टेटस, म्हणजे कुकू कॅटफिश. दिसायला देखणा, पण कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडं घालावं तसा याचा धंदा. सिक्लिडची जोडी अंडी घालत असताना हा मध्ये घुसतो, त्यांची काही अंडी खातो आणि आपली टाकतो. सिक्लिडची मादी अंडी तोंडातच सांभाळते, म्हणून ती सगळीच उचलते. याची पिल्लं आधी फुटतात आणि तिच्या तोंडातच तिची अंडी-पिल्लं फस्त करतात. टांगानिकातल्या सिक्लिडना ही लबाडी थोडीफार ओळखता येते; मलावीच्यांचा याच्याशी कधी संबंधच आला नाही, त्यामुळे ते सहज फसतात. डेमासोनीची पिल्लं हवी असतील तर हा नको.

शेवाळ खरवडायला ब्रिसलनोज, म्हणजे सकरचाच छोटा भाऊबंद ठेवा, एकच. पाच-सहा इंचांवर थांबतो, जड पाणी सोसतो. लोच या तळाच्या लांबट माशांच्या वाटेला मी जात नाही.

लपायला जागा मात्र भरपूर हवी. शेतात ठिबकच्या मेनलाइनचे तुकडे पडलेले असतीलच. अडीच इंची पीव्हीसीचे वीतभर तुकडे कापून दगडांखाली सरकवा. ज्यातून खत सोडलंय तो पाइप नको. तळाला बारीक वाळू घाला, टोकदार खडीने मिशा झिजतात. दगड आधी काचेवर टेकवून मग वाळू टाका, नाहीतर एम्बुना खालून उकरून ते पाडतील. नवे मासे सोडताना दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्यांची हद्द मोडते.

सायनोडोंटिस रात्रीचे. दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने बुडणारी गोळी टाका. उजेडात टाकली तर एम्बुनाच खातील, आणि शेवाळावर जगणाऱ्या त्या जातीचं पोट जास्त प्रथिनांनी बिघडतं.

आता घाई करू नका. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, टाकीचं पाणी तापतं, त्यातला ऑक्सिजन घटतो, आणि जास्त पीएचच्या गरम पाण्यात अमोनिया अधिक विषारी होतो. नवे मासे दिवाळीच्या सुमारास आणा. तोवर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, लाइट गेली की तोच कामाला येईल.

राहिला सकर. तो फूट-दीड फूट वाढतो, चार फुटी टाकी त्याला पुरणार नाही. दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेला कुणी शोधा. बोरीत किंवा तापीत मात्र सोडू नका. देशातल्या कितीतरी पाणवठ्यांत तो असाच सोडल्यामुळे माजलाय, आणि त्याच्या काट्यांनी मच्छिमारांची जाळी फाटताहेत.