गीत गाता आलं नाही म्हणून

प्रिय लेकी,

सलाम. रविवारी उपासनेनंतर रंकाळ्याच्या कठड्यावर बसून तू बोललीस, ते अजून डोक्यातून जात नाही. गीत चालू होतं, पुस्तक हातात उघडं होतं आणि तुझ्या तोंडून शब्द फुटेना. "मावशी, प्रार्थना करते तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. माझं तारण झालंच नसेल का गं?"

अगं, हे तुझं आजारपण बोलतंय. डिप्रेशनमध्ये जेवणाची चव जाते, आईने डोक्यावरून हात फिरवला तरी आत काही हलत नाही. म्हणून आईची माया आटली असं म्हणतेस का? मग देवाचंच तेवढं का?

मी यातून गेलेय. धाकट्याच्या बाळंतपणानंतर कित्येक महिने पहाटे चारला जाग यायची, छातीवर वरवंटा ठेवल्यासारखी. प्रार्थनेला आलेल्या एकाने सांगितलं, "विश्वास कमी पडतोय." त्या वाक्याने मी जास्त खचले. मला धीर दिला तो बायबलमधल्या ८८व्या स्तोत्राने. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुधा शेवटी स्तुतीवर येतात, हे अंधारातच संपतं. तरी बोलतं ते पहिल्या ओळीपासून देवाशीच, आणि त्याला आपला तारणारा म्हणूनच हाक मारतं. तुझी ती भिंतीशी केलेली प्रार्थना त्याच जातीची आहे.

पुढे धाकट्याला ताप डोक्यात गेला, तेव्हा एसटीने मिरजेला नेलं. तो बरळत होता, मला ओळखतही नव्हता. मांडीवरून सोडलं का मी त्याला? योहानाच्या शुभवर्तमानात, १०व्या अध्यायात, प्रभू येशू आपल्या मेंढरांबद्दल म्हणतो, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही. पकड त्याची आहे, पोरी. तुझी बोटं गळाली तरी ती सुटत नाही.

आणि गोळ्यांचं. पर्समधली ती अर्धी पट्टी मी पाहिली. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, हे डोक्यातून काढ. १८५२ मध्ये मिशनरी कोल्हापुरात आले, १८९४ मध्ये त्याच मिशनच्या वॉनलेस डॉक्टरांनी मिरजेत दवाखाना उभा केला. आपल्याकडे सुवार्ता आणि औषध एकाच वाटेने आलंय. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याने रतामाच्या झुडुपाखाली मरण मागितलं, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावरची भाकर नि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून जेवू घातलं. गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, कधी जास्तही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस.

जीव नकोसा वाटला तर रात्री कितीही वाजता मला उठव. माझा फोन लागला नाही तर १४४१६ लाव, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा आहे, फुकट, रात्रंदिवस चालतो. मराठीत बोलता येतं.

येत्या रविवारी मागच्या बाकावर माझ्याशेजारी बस. गायलीच पाहिजेस असं नाही. पुस्तक मी धरते.

तुझी,
मावशी