स्वप्नात साप दिसला की दडपलेली कामवासनाच, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड खरंच म्हणतो का?

अर्धं खरं आहे: साप हे पुरुषाच्या लिंगाचं प्रतीक असं फ्रॉइडने स्पष्ट लिहिलंय, पण ‘साप दिसला की हाच अर्थ’ असं सरसकट लावायला त्याचाच विरोध होता.

‘स्वप्नांचा अर्थ’ हे त्याचं पुस्तक १८९९ च्या अखेरीस आलं (छापील साल १९००). त्यात प्रतीकांचा भाग आधी थोडाच होता, पुढच्या आवृत्त्यांत तो फुगत गेला. १९१६-१७ मध्ये छापून आलेल्या त्याच्या व्याख्यानांत तर यादीच मिळते:

- राजा-राणी म्हणजे आई-वडील
- प्रवासाला निघणं म्हणजे मृत्यू
- पाणी म्हणजे जन्म
- घर म्हणजे माणसाचं शरीर. गुळगुळीत भिंतींचं असेल तर पुरुष, धरून लोंबकळता येईल असे सज्जे-कठडे असतील तर स्त्री (हे वाचून मला तरी हसूच आलं)

फ्रॉइडचा ब्रिटिश अनुयायी अर्नेस्ट जोन्स याने १९१६ मध्ये याला आणखी घट्ट केलं: जे दडपलेलं असतं त्याचंच प्रतीक बनतं. फ्रॉइडपासून फारकत घेतलेला स्विस मानसतज्ज्ञ युंग याला हे पटलं नाही. ज्याचा अर्थ आधीच ठरलेला ती नुसती खूण, प्रतीक नव्हे, असं त्याचं म्हणणं.

मात्र फ्रॉइडच्या पद्धतीत यादी दुय्यम आहे. आधी स्वप्न पाहणाऱ्याला विचारायचं, ‘साप म्हटल्यावर तुम्हाला काय काय आठवतं?’ आणि तो बोलेल ते ऐकायचं. काल गोठ्यात घोणस निघाली होती असं तो म्हणाला, तर धागा तिथून पकडायचा. त्याला काहीच सुचेना, तेव्हा यादी हाताशी घ्यायची.