नवीन कार्यवाहासाठी चार शब्द

अरे, नाट्यसंस्थेचा कार्यवाह झालास, मनापासून आनंद झाला. आधी एवढं सांभाळ: संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे राज्याच्या नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं) प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय तारीख जाहीर करू नकोस, आणि त्याच्या झेरॉक्स प्रयोगाला जवळ ठेव. कुणी नाटकावर आक्षेपाचं निवेदन घेऊन आलं तर दारातूनच परत पाठवू नकोस. बसव, चहा सांग, तालमीला बोलाव. मात्र धाकानं एक वाक्यही कापायचं नाही. ते लेखक-दिग्दर्शक ठरवतील.

खरी फूट आतून पडते. नटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरक्षणावरून जुंपली की तालमीचा विचका होतो, आणि आपल्या मराठवाड्यात हा विषय घराघरात आहे. ग्रुप तालमीच्या वेळांपुरताच ठेव, वाद समोरासमोर होऊ दे. संहिता निवडताना घाबरू नकोस. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात हिंदू-तुर्क संवाद लिहिला. दोघं एकमेकांची सालटी काढतात आणि शेवटी एक होतात. तो नव्या पोरांकडून मोठ्यानं वाचून घे, अंगावर काटा येतो.

देणगी कुठल्याही पक्षाच्या माणसाकडून घे, पावती दे. पण रंगमंचावर त्याचा फ्लेक्स लागणार नाही, हे पैसे हातात घेण्याआधी सांग.