क्विक रिलीज व्हाइस आवळताना घसरतो, नवीन घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुतारकामाच्या टेबलाला बसवलेला क्विक रिलीज व्हाइस (फळी घट्ट धरणारा शिकंजा, ज्याचा जबडा खटका दाबला की झटकन सरकतो) आहे, फळी धरून दांडा आवळत नेला की ऐन शेवटच्या पाव फेऱ्याला ‘कट्ट’ असा आवाज होतो आणि जबडा एकदम ढिला पडतो. कधी धरतो, कधी नाही. आटे गेले असं समजून नवा व्हाइस घ्यायचा, की दुरुस्त होईल?

बहुतेक वेळा दुरुस्त होतो. आणि ‘कधी धरतो, कधी नाही’ असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला तरी आटे गेले असतील असं वाटत नाही. आटे खरोखर झिजलेले असतील तर जबडा तेवढाच उघडा असताना, तेवढ्याच जोराला, दर वेळी घसरतो. त्यात लहरीपणा नसतो. लहरीपणा आला की समजायचं, काहीतरी अडतंय.

आत काय चालतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साध्या व्हाइसमध्ये स्क्रू पूर्ण गोल नटातून जातो. क्विक रिलीजमध्ये नट अर्धाच असतो, उभा चिरल्यासारखा. लेथवर आटे पाडताना लीडस्क्रूवर (हत्यार पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर) जो नट येऊन बसतो, तीच कल्पना. हा अर्धा नट स्प्रिंगच्या जोरावर स्क्रूला येऊन भिडतो, बहुतेक व्हाइसमध्ये खालून. समोर दांड्याजवळचा खटका दाबला की स्क्रूला समांतर जाणारी एक पट्टी वळते, नट खाली झुकतो आणि जबडा हवा तसा सरकतो. खटका सोडला की नट परत वर. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीच्या ५२½ (९ इंची) आणि ५३ (१०½ इंची) नंबरच्या व्हाइसमध्ये हीच रचना आहे, आणि बाजारात मिळणारे कितीतरी व्हाइस त्याच साच्यातले आहेत.

आता जोराचा हिशोब करून बघा. दांडा मध्यापासून १२५ मिमीवर धरला तर एका फेऱ्यात हात साधारण ७८५ मिमी फिरतो. स्क्रूचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ६ मिमी धरला तर जबडा तेवढ्यात ६ मिमी सरकतो. म्हणजे कागदावर १३० पट जोर. त्यातला बराच मोठा भाग घर्षणात जातो, तरी हातात उरतो तो शेकडो किलोंचा दाब. हा सगळा दाब अर्ध्या नटाच्या मोजक्या दातांवर येतो. दात पूर्ण खोलीपर्यंत बसले असतील तर ते तो आरामात झेलतात. अर्धेच बसले तर फक्त टोकांवर भार येतो आणि टोकं सुटतात. तुम्हाला ऐकू येतो तो आवाज त्याचाच.

म्हणून पहिला तपास: नट पूर्ण वर येतोय का? टेबलाखाली बॅटरी घेऊन आडवे व्हा. कुणाला तरी खटका दाबून सोडायला सांगा आणि नटाकडे बघा. नट ‘टक्’ करून वर यायला हवा. आळसावल्यासारखा वर येत असेल, किंवा वर आल्यावर बोटाने ढकलल्यास आणखी जरासा वर जात असेल, तर चोर सापडला. (बोट फक्त जबडा मोकळा असताना. आवळताना तिथे बोट अजिबात नको.) मग एक लाकडी पाचर घ्या आणि नट वर दाबून धरेल अशी खालून सरकवा. व्हाइस नेहमीसारखा आवळा. आता धरला तर आटे ठीक आहेत. दोष स्प्रिंगचा, पट्टीचा किंवा घाणीचा. पाचर असूनही घसरला तरच आट्यांकडे वळायचं.

हे एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो होतो. माझा व्हाइस असाच घसरायला लागला तेव्हा मी सरळ नवा अर्धा नट मागवला, दोन संध्याकाळी घालवून बसवला, आणि पहिल्याच फळीला ‘कट्ट’. शेवटी दोष निघाला तो मीच केलेल्या कामात. पुढच्या जबड्याला आतून मी जाड लाकडी फळी लावली होती. खाली जिथून खटक्याची पट्टी जाते तिथली खाच मी अगदी मापात काढलेली, नेटकी दिसावी म्हणून! दमट हवेत लाकूड फुगलं आणि पट्टी खाचेच्या कडेला घासायला लागली. खटका सोडल्यावर पट्टी परत येताना शेवटच्या एक-दोन मिलीमीटरला अडायची, त्यामुळे नटही तेवढाच खाली राहायचा. गोल कानशीने खाच सैल केली, पाच मिनिटांचं काम. जुना नट अजून डब्यात आहे, धडधाकट.

तर अशा अडथळ्यांकडे आधी बघा. जबड्याची फळी, टेबलाची पुढची पट्टी, व्हाइस बसवताना खाली दिलेला ठोकळा, एखाद्या बोल्टचं डोकं, यातलं काहीही खटक्याच्या पट्टीला किंवा नटाला घासू शकतं. घासलं असेल तिथे लाकडावर काळी चकचकीत रेघ उमटलेली असते. शोधायला सोपी.

अडथळा नसेल तर घाण. व्हाइसमध्ये लोक प्रेमाने भरपूर ग्रीस भरतात. त्यावर भुसा पडतो, दोन्हींची लुगदी होते आणि दाब बसून बसून ती आट्यांच्या तळाशी सिमेंटसारखी घट्ट होते. वरून स्क्रू स्वच्छच दिसतो! टोकदार बांबूची काडी किंवा पितळी खिळा आट्याच्या तळातून फिरवला की कळतं. माझ्या ओळखीतल्या एका जुन्या व्हाइसमधून ही लुगदी सलग वेटोळ्यासारखी सुटून आली होती, पेन्सिल टोकदार करताना साल निघते तशी. नटाच्या दातांमध्ये हा थर असेल तर दात तळापर्यंत जाणार कुठून?

नीट साफ करायचं तर पुढचा जबडा काढावाच लागतो. स्क्रू आणि दोन्ही गाइड रॉड (स्क्रूच्या दोन बाजूंना असलेले, जबडा सरळ ठेवणारे गज) मागच्या टोकाला कॉटर पिन, वॉशर किंवा आडव्या पट्टीने अडवलेले असतात. ते काढून खटका दाबला की जबडा स्क्रू आणि रॉडसकट समोर निघून येतो. खाली स्टूल किंवा ठोकळे रचून ठेवा. नऊ इंची ओतीव व्हाइसचा पुढचा भाग हातात अनपेक्षित जड लागतो आणि तो नेहमी पायाच्या दिशेनेच पडतो. पिन कशी होती, वॉशर कुठल्या क्रमाने होते, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रॉकेल, जुना टूथब्रश, गरज पडली तर तारेचा ब्रश. नट ज्या खिळीवर झुलतो ती खिळही साफ करा, बऱ्याचदा नट तिथेच जाम झालेला असतो. सगळं कोरडं पुसलं की खिळीवर मशीन ऑइलचे दोन थेंब. स्क्रूवर मात्र परत ग्रीस थापू नका. मी मेणबत्तीचं मेण फिरवतो. त्याला भुसा चिकटत नाही. ज्यांना ग्रीसशिवाय चैन पडत नाही त्यांनी निदान फडक्याने पुसून फक्त ओशट थर ठेवावा.

जबडा निघालेलाच आहे तर खटक्याची पट्टी टेबलावर ठेवून बघा. कुणीतरी जाम झालेला खटका जोर लावून दाबला असेल तर चपटी पट्टी कायमची पिळवटलेली असते. मग खटका पूर्ण मिटलेला दिसतो पण मागे नट अर्धाच वर येतो. पट्टी व्हाइसमध्ये धरून (दुसऱ्या, अर्थात) मोठ्या पान्याने थोडी थोडी उलटी पिळून सरळ करता येते.

स्प्रिंग. ती कुठे खटक्यापाशी असते, कुठे नटापाशी. तुटली असेल तर दिसेलच, थकली असेल तर खटका सोडल्यावर लोळत परत येतो. त्याच मापाची बसवा. तोवर काम अडलं असेल तर सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी नटाच्या आणि वरच्या ओतीव भागाच्या भोवती ताणून बांधा, महिना-दोन महिने सहज चालते. पण स्प्रिंगबद्दल एक गैरसमज मला सारखा भेटतो: घसरतोय ना, मग आणखी कडक स्प्रिंग लावा. स्प्रिंगचं काम नटाला जागेवर नेऊन बसवणं एवढंच आहे. भार ती झेलत नाही, भार दात झेलतात. झिजलेल्या दातांना कडक स्प्रिंग लावली तर घसरणं थोडं पुढे ढकललं जातं आणि खटका दाबताना अंगठ्याची वाट लागते.

आता पाचर लावूनही घसरत असेल तर. जबडा कमी-जास्त उघडून आवळून बघा: फळीची जाडी धरून, मग हाताएवढं उघडून, मग पार टोकाला. एकाच जागी घसरत असेल तर स्क्रूचा तेवढाच भाग खराब आहे. रोज त्याच जाडीच्या फळ्या धरल्या की झीज तिथेच साचते. उपाय गंमतीदार सोपा आहे: फळीबरोबर एक इंचभर जाडीचा ठोकळा धरा, म्हणजे नट न झिजलेल्या आट्यांवर बसतो. सगळीकडेच घसरत असेल तर नट झिजलाय. नट बहुधा ओतीव लोखंडाचा आणि स्क्रू पोलादाचा, त्यामुळे आधी नटच जातो, आणि ते बरंच आहे, कारण बदलायला तो सोपा.

नट हातात घेऊन उजेडात तिरका धरा. या व्हाइसचे आटे नेहमीच्या बोल्टसारखे दोन्हीकडून सारखे उतरते नसतात. एक बाजू जवळजवळ उभी, दुसरी उतरती, करवतीच्या दातासारखे. भार उभ्या बाजूवर येतो. तिचा कोपरा गोल झाला की उभ्या भिंतीची घसरगुंडी होते आणि आवळण्याचा जोरच नटाला खाली ढकलायला लागतो. दातांच्या कडेला नुसता वळलेला पातळ, चकचकीत ओठ असेल तर तो बारीक तिकोनी कानशीने हलकेच उतरवा. तेवढ्याने दात पुन्हा खोल बसतो आणि पुष्कळदा प्रश्न संपतो. उभी बाजू मात्र घासत बसू नका, ती जितकी राहिलीय तितकी हवीय.

आणि नट उलटा फिरवून बसवायची आयडिया सुचली असेल तर मला सुचून झालीय. आतल्या बाजूचे दात कमी झिजलेले दिसत होते म्हणून मी फिरवला. झालं काय, तर उतरती बाजू भाराकडे आली आणि व्हाइसने हातरुमालही धरला नाही.

नट पार गेला असेल तर बदला. मागवताना स्क्रूचा बाहेरचा व्यास मोजा आणि स्केल लावून एका इंचात किती आटे येतात ते मोजा. नुसतं ‘नऊ इंची व्हाइसचा नट द्या’ म्हणून काम होत नाही. जुन्या व्हाइसचा नट मिळत नसेल तर चांगला लेथवाला नमुना बघून पितळेचा किंवा ब्राँझचा करून देऊ शकतो. त्याच्याकडे स्क्रूसुद्धा घेऊन जा, एकटा झिजका नट नेलात तर तो झिजलेल्याचीच नक्कल करेल.

नवा नट टिकावा म्हणून वापरातल्या दोन गोष्टी. खटका सोडला की लगेच जोर लावू नका. दाताचं टोक आट्याच्या टोकावर बसलेलं असू शकतं. दांडा पाव-अर्धा फेरा हलक्या हाताने फिरवा, नट खळग्यात पडल्याचं हाताला कळतं, मग आवळा. दुसरी, एका कोपऱ्यात फळी धरायची असेल तर दुसऱ्या कोपऱ्यात तेवढ्याच जाडीचा तुकडा टाका, नाहीतर जबडा तिरका होऊन रॉड अडकतात आणि दांड्याला पाइप लावायचा मोह होतो.

हे सगळं खटक्याच्या व्हाइसबद्दल. तुमच्या व्हाइसला खटकाच नसेल आणि दांडा अर्धा फेरा उलटा फिरवला की जबडा सुटत असेल, तर तो वेगळा प्रकार. त्यात स्क्रूबरोबर नट थोडासा फिरून आट्यांवर चढतो आणि त्याला फिरवतं ते घर्षण. तिथे तेल-ग्रीस गेलं की नट नुसता जागच्या जागी राहतो, दांडा फिरतो आणि जबडा हलत नाही. तो घर्षणाचा भाग रॉकेलने धुऊन अगदी कोरडा करायचा आणि तेलाचा डबा लांब ठेवायचा. तुमचा कुठला आहे ते आणि खालून काढलेला एक फोटो टाकलात तर नेमकं कुठे बघायचं ते सांगतो.