आधी तोरखमचं फाटक बघ

सप्रेम आशीर्वाद.

पाकिस्तान-अफगाणिस्तानवरचं तुझं टिपण वाचलं. ‘दोन्ही मुस्लिम देश, तरी भांडतात का?’ या प्रश्नाने तू सुरुवात केलीस, आणि टिपण तिथेच घसरलं. भांडण रेषेचं आहे. ब्रिटिश हिंदुस्थानचा अधिकारी ड्युरँड आणि अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान यांच्या 1893 च्या कराराने पश्तून मुलूख मधोमध कापला. राजा असो, कम्युनिस्ट असोत की तालिबान, काबूलमधल्या कुठल्याच राजवटीने ती सीमा मनापासून मानली नाही. 1947 मध्ये पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्र प्रवेशाविरुद्ध एकच मत पडलं, ते अफगाणिस्तानचं.

भाषणं नंतर वाच. आधी तोरखम आणि चमन इथली, म्हणजे दोन्ही देशांच्या सीमेवरची, फाटकं उघडी आहेत का, ते बघ. अफगाणिस्तानला समुद्र नाही. कराचीची वाट याच फाटकांतून जाते. तणाव ऐन फळांच्या हंगामात वाढला की द्राक्षं-डाळिंबांचे ट्रक रांगेतच नासतात. सप्टेंबर 1961 मध्ये संबंध तुटले तेव्हा हेच झालं. त्या वेळी वाटेवर अडून बसलं होतं ते काबूल, हे बहुतेक लोक विसरतात. अफगाण पंतप्रधान दाऊद पायउतार झाल्यावर, इराणच्या शहांच्या मध्यस्थीने 1963 मध्ये गाडं रुळावर आलं. ऑक्टोबर 2025 मध्ये फाटकं बंद झाली तेव्हा पाकिस्तानातही टोमॅटो कडाडले. हे हत्यार दुधारी आहे, शिवाय वापरून बोथट होतं: व्यापारी इराणच्या बंदर अब्बास, चाबहार या बंदरांकडे वळतात आणि पुन्हा सगळे परत येत नाहीत.

घटनांचा क्रम तारखांनिशी मांड. पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात हल्ला होतो, इस्लामाबाद म्हणतं हल्लेखोरांना आसरा तुमच्याकडे, काबूल म्हणतं हा तुमचा घरचा प्रश्न. मग अफगाणिस्तानच्या खोस्त-पक्तिका प्रांतांवर पाकिस्तानची विमानं जातात. इथे ‘तालिबान’ एवढंच लिहू नकोस. टीटीपी (तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान, पाकिस्तानविरुद्ध लढणारी संघटना) वेगळी, काबूलचं तालिबान सरकार वेगळं. दोघांचे लागेबांधे आहेत, म्हणून तर काबूलला टीटीपीवर हात टाकणं जड जातं.

राजदूत नेमणं म्हणजे मान्यता, असंही समजू नकोस. पाकिस्तानने 1997 मध्ये पहिल्या तालिबान राजवटीला मान्यता दिली होती. मे 2025 मध्ये मात्र फक्त दूतावासाचा दर्जा वाढवायचं जाहीर केलं, आणि पाचच महिन्यांत सीमेवर तोफा धडाडल्या.

दोहात 19 ऑक्टोबर 2025 ला कतार-तुर्कियेच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली. कतारच्या निवेदनात आधी ‘सीमा’ हा शब्द होता. काबूलने हरकत घेतल्यावर तो गाळला गेला. म्हणून निवेदनाची पहिली प्रत जपून ठेवत जा. मृतांचे आकडे ज्या बाजूने दिले तिच्याच नावावर टाक, त्यांची सरासरी काढू नकोस.

निर्वासितांवर तू एकच ओळ दिलीस. नोव्हेंबर 2023 पासून कागदपत्रं नसलेल्या अफगाणांना पाकिस्तान परत पाठवतो आहे. त्यावर निदान दोन परिच्छेद हवेत. सुधारलेला मसुदा आला की बघतो.